सूचक वाक्यातली बाई: प्राथमिक वर्गात शब्दकोड्यांतून इतिहासातील स्त्रियांची ओळख

शब्दकोडे तयार करायला बसलेला शिक्षक बहुधा आधी चौकटी आखतो, मग त्यांत नावे बसवतो आणि शेवटी उरलेल्या वेळात घाईघाईने सूचक वाक्ये लिहितो. इतिहास शिकवण्यासाठी कोडे करायचे असेल तर हा क्रम नेमका उलटा हवा. चौकटीत मूल फक्त नाव लिहिते. ते नाव कोणाचे, त्या बाईंनी काय केले आणि कोणत्या गावात केले, हे सारे सूचक वाक्यात असते, म्हणून पाठ म्हणावा तो त्या वाक्याचाच. पुढील पद्धत मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या दुसरी ते पाचवीच्या वर्गांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. तिला फळा, खडू आणि गणिताची चौकटीची वही एवढेच साहित्य पुरते.

प्रथम व्यक्ती निवडाव्यात, आणि त्या आपल्या परिसरापासून निवडाव्यात. परभणी जिल्ह्यातील मुलांना गंगाखेड माहीत असते, पण संत जनाबाई त्याच गोदाकाठच्या गंगाखेडच्या, हे अनेकांना माहीत नसते. कन्नड तालुक्यातील देवगाव येथे १६२८ मध्ये जन्मलेल्या आणि वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे समाधिस्थ झालेल्या संत बहिणाबाई या तुकारामांच्या शिष्या होत्या, आणि त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकीकत अभंगांत लिहून ठेवली. अहिल्याबाई होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चोंडी येथे झाला. ते गाव अहिल्यानगर जिल्ह्यात असले तरी बीडच्या सीमेपासून दूर नाही, आणि वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धारात त्यांचा वाटा असल्याने सहलीला गेलेल्या मुलांनी त्यांचे काम नकळत पाहिलेलेच असते. जिजाबाईंचे सिंदखेडराजा जालन्याला लागून आहे. जालना जिल्ह्यातीलच धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरल्या होत्या. एवढी नावे जवळची झाल्यावर सावित्रीबाई फुले, त्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे वळावे. एका कोड्यात चार किंवा पाच व्यक्ती पुरेत. बारा नावांचे कोडे भरून होते, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर मुलांना त्यांतली दोनच नावे आठवतात.

व्यक्ती ठरल्या की प्रत्येकीविषयी तीन सूचक वाक्ये लिहावीत आणि मगच चौकटींकडे जावे. वाक्य लिहिताना एक कसोटी कायम वापरावी, ती म्हणजे हे वाक्य दुसऱ्या कोणाला लागू पडते का. ‘थोर समाजसुधारक स्त्री’ हे वाक्य दहा जणींना लागू पडते, म्हणून ते रद्द करावे. ‘शिवाजी महाराजांच्या आई’ हे वाक्य एकीलाच लागू पडते हे खरे, पण त्यातून जिजाबाईंनी काय केले ते कळत नाही, मूल त्यांना केवळ नात्याने ओळखते. त्याऐवजी ‘१६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागे स्वराज्याचा कारभार ज्यांनी सांभाळला त्या’ असे लिहिले तर उत्तर तेच येते आणि मुलाच्या हाती एक घटना लागते. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवचरित्र असतेच, त्यामुळे हे वाक्य त्या पाठाला जोडूनही घेता येते. सावित्रीबाईंच्या बाबतीतही ‘महात्मा फुले यांच्या पत्नी’ असे न लिहिता १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा किंवा १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना आलेला मृत्यू यांपैकी एक गोष्ट घ्यावी. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. दोन सांगितल्या की मूल सोपी तेवढी वाचते आणि दुसरी सोडून देते.

नाते पूर्णपणे टाळावे असे मात्र नाही. मुक्ताबाईंची ओळख ‘ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण’ हा उल्लेख टाळून देणे कृत्रिम होईल, कारण रुसून दार लावून बसलेल्या भावाची समजूत घालणाऱ्या ताटीच्या अभंगांत ते नातेच बोलते. इथे नात्यातच तिचे कर्तृत्व आहे, म्हणून ते घ्यावे.

कथा आणि नोंद यांतील फरकही सूचक वाक्यातूनच दाखवता येतो. विठ्ठल जनाबाईंना दळू लागला, ही कथा मुलांना फार आवडते आणि ती गाळण्याचे कारण नाही. मात्र ते वाक्य ‘विठ्ठल हिला दळू लागला अशी कथा सांगतात’ असे लिहावे, आणि मुक्ता साळवे यांचे वाक्य ‘शाळेत शिकत असताना जिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला ती मुलगी’ असे लिहावे. ‘सांगतात’ आणि ‘छापून आला’ या दोन क्रियापदांतील अंतर चौथीचे मूल दोन-तीन कोड्यांनंतर आपोआप ओळखू लागते. माझ्या मते मुक्ता साळवे यांचे नाव प्रत्येक वर्गात एकदा तरी यावे, कारण या यादीतील बाकी साऱ्या जणी मुलांना मोठ्या वाटतात, आणि ही एकटी वही-लेखणी घेऊन वर्गात बसलेली असते.

आता चौकटींविषयी, आणि येथे जरा थांबावे लागेल. मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर येते, आणि अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांसह पूर्ण अक्षर. जोडाक्षरही फोडायचे नसते. त्यामुळे सावित्रीबाई या नावाला सा, वि, त्री, बा, ई अशा पाच चौकटी लागतात, मुक्ताबाईला मु, क्ता, बा, ई अशा चार. रफार असलेले अक्षरही एकच धरावे, म्हणजे दुर्गा या शब्दाला दोनच चौकटी. हे मोठ्यांना सांगावे लागत नाही, पण दुसरी-तिसरीची मुले त्री हे अक्षर त आणि री असे दोन चौकटींत लिहितात आणि मग शेवटचे ई बाहेर राहते.

अक्षरे मोजण्यासाठी टाळ्या वाजवण्याची पद्धत पुष्कळ वर्गांत चालते. शब्दकोड्यासाठी ती वापरू नये, कारण ती फसवते. गंगाखेड हा शब्द उच्चारताना टाळ्या तीनच पडतात, चौकटी मात्र चार लागतात. वेरूळला टाळ्या दोन आणि चौकटी तीन. नायगावला तर टाळ्या दोन आणि चौकटी चार. शब्दाच्या शेवटचा आणि कधी मधला अकार आपण बोलताना गिळतो, लिहिताना मात्र ते अक्षर जागेवर असते. म्हणून शब्द फळ्यावर लिहून प्रत्येक अक्षरानंतर खडूने उभी रेघ मारावी आणि घरे मोजावीत. ही रेघ मारण्याची सवय शुद्धलेखनालाही उपयोगी पडते, हा वेगळा लाभ.

दुसरी अडचण नावांच्या शेपटाची आहे. मी पहिल्यांदा असे कोडे केले तेव्हा त्यात सहा नावे घातली होती आणि सहाही नावांच्या शेवटी ‘बाई’ होते. मुलांनी एकही सूचक वाक्य न वाचता प्रत्येक नावाच्या शेवटच्या दोन घरांत बा आणि ई लिहून टाकले, म्हणजे बारा घरे फुकट भरली, आणि मग उरलेल्या अक्षरांवरून अंदाज बांधत बसली. चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून मी एका कोड्यात ‘बाई’ने संपणारी दोनपेक्षा जास्त नावे घेत नाही. बाकीच्या जागी त्या व्यक्तींशी जोडलेले गाव, काम किंवा वस्तू उत्तर म्हणून ठेवतो: चोंडी, शिऊर, वेरूळ, महेश्वर, शाळा, अभंग, निबंध, डॉक्टर. व्यक्तीचे नाव अशा वेळी सूचक वाक्यात उघड लिहावे आणि तिच्याविषयीची गोष्ट मुलाने शोधावी. यात शिकवणे जास्त होते, कारण नाव पाठ असलेल्या मुलालाही विचार करावा लागतो.

एकाच व्यक्तीची अनेक नावे हाही एक खड्डा आहे. जिजाऊला तीन घरे लागतात, पण जिजाबाई आणि जिजामाता या दोन्हींना चार. अहिल्याबाई आणि अहिल्यादेवी या दोन्हींना पाच. अशा वेळी छेदणारा शब्द नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांपैकी एकातून जाईल असे पाहावे, म्हणजे एकच नाव बसते. तसे जमत नसेल तर दोन्ही उत्तरे बरोबर धरावीत. बहिणाबाई या नावाच्या तर दोन कवयित्री आहेत. संत बहिणाबाई सतराव्या शतकातील आणि आपल्या भागातील, तर बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, खानदेशी बोलीत शेत, संसार आणि जाते यांवर ओव्या रचणाऱ्या. वारकरी परंपरेला इमारतीची उपमा देणारा अभंग पहिल्या बहिणाबाईंचा. मुले त्या दोघींना एकच समजतात, आणि कधीकधी आपणही समजतो. म्हणून दोघींची सूचक वाक्ये एकाच कोड्यात, शेजारीशेजारी द्यावीत आणि उत्तर म्हणून एकीचे शिऊर व दुसरीचे असोदे विचारावे.

शब्द एकमेकांत गुंफताना मराठीत एक बंधन येते: व आणि वे ही दोन वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे नायगावचा शेवटचा व वेरूळच्या पहिल्या वे शी जुळत नाही. मात्रेसकट जुळणारे अक्षर सापडणे अवघड असल्याने आपली कोडी विरळ होतात. वर्तमानपत्रातल्यासारखी दाट जाळी प्राथमिक वर्गासाठी करू पाहणे व्यर्थ आहे आणि आवश्यकही नाही. चौकटीच्या वहीत चार गुणिले चार घरांची पुढील मांडणी पाहावी.

ज ना बा ई
■ य ■ ■
गं गा खे ड
■ व ■ ■

आडवे शब्द
१. पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता अभंग रचणाऱ्या संत (४)
३. याच संतांचे परभणी जिल्ह्यातील गाव (४)

उभा शब्द
२. मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे सातारा जिल्ह्यातील जन्मगाव (४)

जनाबाईतील ना हे नायगावचे पहिले अक्षर आहे आणि गंगाखेडमधील गा हे तिसरे. तीनच शब्द, दहा पांढरी घरे, सहा काळी. मुलांना देताना अर्थातच घरे रिकामी ठेवून १, २ आणि ३ हे क्रमांक त्या त्या शब्दाच्या पहिल्या घरात लिहावेत. उभ्या शब्दाच्या वाक्यात ‘सातारा जिल्ह्यातील’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नांदेड जिल्ह्यात नायगाव नावाचा तालुका आहे, आणि तिकडच्या मुलाला सावित्रीबाई आपल्याच नायगावच्या वाटल्या तर त्यात नवल नाही. गावांच्या नावांबाबत ही काळजी नेहमी घ्यावी, कारण देवगाव आणि पिंपळगाव या नावांना आपल्याकडे तोटा नाही.

इयत्तेनुसार कोड्याचा प्रकार बदलतो. दुसरीला गाळलेले अक्षर भरायला द्यावे, जसे ‘द _ डा बा _’. त्यासाठी जोडाक्षर नसलेली नावे घ्यावीत. दगडाबाई, जनाबाई, जिजाबाई, रमाबाई ही नावे त्या दृष्टीने सोयीची आहेत. अशा लहान मुलांना सूचक वाक्य वाचायला न देता शिक्षकाने तोंडी सांगावे, तेही कोडे घालण्याच्या लयीत, कारण कोडे घालणे, ज्याला काही खेड्यांत हुमान घालणे म्हणतात, ते त्यांना घरी आजीकडून माहीत असते आणि त्या लयीत सांगितलेले वाक्य त्यांच्या तोंडी बसते.

तिसरीला शब्दशोध द्यावा. आठ गुणिले आठ घरांत चार शब्द लपवावेत, फक्त डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. उलटे व तिरपे शब्द नकोत, कारण वाचन नुकतेच सुटे होत असलेल्या मुलाला ‘ळरूवे’ वाचायला लावण्यात काहीच साधत नाही. उरलेल्या घरांत मनाला येतील ती अक्षरे भरली तर अहिल्याबाईतील ल्या किंवा सावित्रीबाईतील त्री लांबूनच डोळ्यांत भरते आणि मूल न वाचता बोट ठेवते. म्हणून रिकाम्या घरांत त्या, त्रा, ल्ली, क्ती अशी मिळतीजुळती जोडाक्षरे आणि भरपूर बा व ई पेरावेत. शब्दशोधाला शब्दांची यादी देऊ नये; यादीच्या जागी सूचक वाक्येच द्यावीत. यादी दिली की तो नजरेचा व्यायाम होतो, त्यात इतिहास राहत नाही.

चौथीला वरच्यासारखे छोटे आडवे-उभे कोडे पेलते. मुलांना दोघादोघांच्या जोड्यांत बसवावे, म्हणजे एकाने वाक्य मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने घरे मोजावीत. द्विशिक्षकी शाळेत जिथे तिसरी-चौथी एकत्र बसते, तिथे जोडी एका तिसरीच्या आणि एका चौथीच्या मुलाची करावी. आद्याक्षरांतून नाव ओळखण्याचा प्रकार, म्हणजे ओळीने ओळखलेल्या शब्दांची पहिली अक्षरे जोडून नाव तयार करणे, मला स्वतःला फारसा उपयोगी वाटला नाही: मराठीत ळ किंवा ण ने शब्द सुरू होत नाही, ल्या किंवा क्ता ने सुरू होणारे शब्द मुलांना सांगता येत नाहीत, आणि शिक्षकाचाच अर्धा तास त्यात जातो.

एका तासाची मांडणी साधारण अशी करावी. पहिली दहा मिनिटे त्या चार-पाच व्यक्तींची गोष्ट सांगावी, नकाशात गावे दाखवावीत आणि पुस्तक बंद करावे. मग फळ्यावर कोडे काढून मुलांना ते चौकटीच्या वहीत उतरवून घेऊ द्यावे. झेरॉक्सचा खर्च वाचतो, शिवाय उतरवताना मूल वाक्ये एकदा वाचते. सोडवायला पंधरा मिनिटे द्यावीत. अडलेल्या मुलाला अक्षर सांगू नये, आणखी एक वाक्य सांगावे. पहिले वाक्य अवघड, दुसरे त्याहून सोपे, तिसरे जवळजवळ उत्तर सांगणारे, यासाठीच सुरुवातीला प्रत्येकीची तीन वाक्ये लिहून ठेवायची असतात. उदाहरणार्थ अहिल्याबाईंसाठी: ‘नर्मदाकाठी महेश्वर येथून राज्यकारभार पाहिला’, मग ‘काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा बांधले’, मग ‘चोंडी येथे जन्म झाला’. बीड-जामखेड भागात हा क्रम उलटा लावावा लागेल, कारण चोंडी तिथे सर्वांना माहीत असते.

तपासताना फक्त उत्तर विचारू नये. ‘डॉक्टर हे उत्तर कशावरून काढले?’ असे विचारावे आणि मुलाने पूर्ण वाक्यात सांगावे: ‘आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत शिकून १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली, म्हणून.’ शुद्धलेखनाची चूक, जसे ‘वेरुळ’, असेल तर उत्तर बरोबर द्यावे आणि अक्षर दुरुस्त करून घ्यावे. वर्षे चौकटीत भरायला लावू नयेत, ती सूचक वाक्यांत असू द्यावीत. कोडे संपल्यावर भिंतीवर एक दोरी बांधून नावांच्या चिठ्ठ्या काळाच्या क्रमाने अडकवाव्यात: तेराव्या-चौदाव्या शतकातील जनाबाई, मग जिजाबाई, संत बहिणाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई, दगडाबाई. जनाबाई आणि जिजाबाई यांच्यामध्ये सुमारे अडीचशे वर्षांची मोकळी दोरी ठेवली की तो काळ मुलांना डोळ्यांनी दिसतो.

वेळापत्रकात ही कोडी दिनविशेषांना जोडता येतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची आणि १२ जानेवारीला जिजाबाईंची जयंती असते, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि दगडाबाईंचे कोडे त्या दिवशीच्या परिपाठात शोभते. अहिल्याबाईंची जयंती उन्हाळी सुट्टीत येते, त्यामुळे ते कोडे शाळा उघडल्यावर जूनमध्ये घ्यावे. बीड आणि धाराशिवच्या ज्या भागांतून दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेथे प्रत्येक कोडे स्वतंत्र ठेवावे. मागच्या आठवड्याच्या कोड्याचे उत्तर माहीत असल्याशिवाय पुढचे सुटत नाही अशी मालिका करू नये. जाणाऱ्या मुलाच्या वहीत चार कोडी आधीच उतरवून दिली तर ती फडावरही सोडवता येतात.

पाचवीच्या मुलांनी शेवटी स्वतः कोडे करावे, आणि त्यात एक तरी बाई आपल्या गावची असावी: गावातील पहिली महिला सरपंच, पहिली दहावी झालेली मुलगी, शेकडो बाळंतपणे केलेली सुईण, अंगणवाडी सुरू झाली तेव्हाच्या ताई. नियम असा ठेवावा की त्या बाईंविषयीची माहिती किमान दोन माणसांना विचारून घ्यायची, दोघांचे म्हणणे जुळले तरच सूचक वाक्य लिहायचे, आणि वाक्यात ‘खूप चांगल्या’, ‘फार कष्टाळू’ असे शब्द न घालता त्यांनी केलेली एक गोष्ट लिहायची. चौकटींची मांडणी नाहीच जुळली तर तो शब्द वेगळा, सुटा आखून द्यावा. कोडे तयार झाले की वर्गात लावण्याआधी ते ज्या बाईंविषयी आहे त्यांच्याकडे घेऊन जावे; त्यांना अक्षरओळख नसेल तर मुलाने वाक्य वाचून दाखवावे, आणि त्यांनी ‘हे असं नव्हतं’ म्हटले तर त्या सांगतील तसे दुरुस्त करून घ्यावे.